वाट कळली, आवेश कळेना

‘सायक्लोन’ हा शब्द कलकत्त्यात जन्मला, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. एकेकाळी जहाजावर कप्तानी केलेल्या हेन्री पिडिंग्टन यांनी गलबतांच्या रोजनिशा जमवून वादळांचा मागोवा घेतला. वादळ वेटोळे घालीत फिरते, म्हणून सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव घडविले आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात ते वापरले. त्या ग्रंथाचा हेतू एकच होता: वादळाचे केंद्र कोठे आहे हे ओळखून जहाजाने त्याची वाट चुकवावी.

म्हणजे प्रश्न वाटेचा होता, आवेशाचा नव्हता. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर आलेल्या वादळात सुमारे ६० हजार माणसे दगावली. पुढे १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. तरीही भर समुद्रातले वादळ उद्या चढेल की ओसरेल, हे सांगण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. १९४३ साली टेक्सासमध्ये जोसेफ डकवर्थ यांनी विमान थेट वादळाच्या गर्भात नेले. १९७० च्या दशकात व्हर्नन ड्वोरॅक यांनी उपग्रहचित्रांतील ढगांच्या घडणीवरून वाऱ्याचा जोर अजमावण्याची रीत बसविली. आपल्या समुद्रांवर अशी नियमित विमानपाहणी नसल्याने येथे आजही मोठी भिस्त याच रीतीवर असते.

वाट आणि आवेश यांत हा भेद का पडावा? वादळाला पुढे ढकलतात ते शेकडो कोसांवर पसरलेले वारे. ते गणितात बऱ्यापैकी सापडतात. आवेश मात्र केंद्राभोवतीच्या थोड्या पट्ट्यात ठरतो. समुद्राचे पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून उबदार असावे, ती ऊब खोलवर असावी, वरच्या व खालच्या थरांतील वाऱ्यांत फारसा फरक नसावा, कोरडी हवा आत शिरू नये. हे सारे जुळले तर वादळ एका दिवसात ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक जोर धरते. यांतले एखादे बिनसले की तेच वादळ गळून पडते.

२०१७ च्या ‘ओखी’ने दोन्ही रूपे दाखविली. कन्याकुमारीजवळ ते पाहता पाहता बळावले, तेव्हा कित्येक मच्छीमार आधीच समुद्रात होते. केरळ-तमिळनाडूच्या अनेक नौकांनी थेट देवगड बंदराचा आश्रय घेतला. तेच वादळ दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याशी पोहोचेपर्यंत क्षीण झाले. उलट २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ गोव्याच्या किनाऱ्याजवळून वर सरकताना चढतच गेले. मेक्सिकोतील अकापुल्को शहरावर ऑक्टोबर २०२३ मध्ये आदळलेले ‘ओटिस’ तर साध्या वादळाचे एका दिवसात पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचे झाले. आदल्या दिवशी पहाटेच्या भाकितांत त्याचा मागमूसही नव्हता.

गेल्या काही वर्षांत आवेशाचे भाकीतही सुधारले आहे, पण वाटेच्या मानाने उशिरा. पिडिंग्टन यांनी १८५३ साली मातला नदीकाठी नवे बंदर वसविण्याविरुद्ध गव्हर्नर जनरलला पत्र लिहून इशारा दिला होता. तो मानला गेला नाही, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६७ च्या वादळाने पोर्ट कॅनिंगची दैना केली. ते वादळ केव्हा व किती जोराने येईल हे पिडिंग्टन यांना ठाऊक नव्हते. येईल एवढे मात्र ठाऊक होते. आवेशाचा अंदाज धूसर असेल तेव्हा आज किनाऱ्यावरच्या माणसाने धरावे असे शहाणपणही तेच आहे: वादळ हलके आहे असे ऐकून होडी लोटू नये.