‘नती’ संज्ञेचे दोन अर्थ : लोणारच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

‘नती’ या संज्ञेचा अर्थ भूचुंबकशास्त्रात व उपग्रहविज्ञानात भिन्न आहे. चुंबकसूची क्षितिजपातळीशी करीत असलेला कोन ही चुंबकीय नती होय. लंडनच्या रॉबर्ट नॉर्मन यांनी १५८१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. लाव्हा थंड होताना तत्कालीन नती खडकात बद्ध होते. १९५० च्या दशकात क्लेग, डॉइच, सहस्रबुद्धे प्रभृती संशोधकांनी दख्खनच्या बेसाल्टातील नती मोजली. तीवरून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश दक्षिण गोलार्धात असल्याचे सिद्ध होते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवर याच बेसाल्टात आहे. तथापि आघाताने विवराच्या काठावरील थर कलले असल्याने तेथील मोजमापातून तो कल वजा करावा लागतो.

उपग्रहाची नती म्हणजे कक्षेची पातळी व विषुववृत्ताची पातळी यांमधील कोन. १९७५ च्या ‘आर्यभट’ची नती सुमारे ५१ अंश, तर १९८८ च्या ‘आयआरएस-१ए’ची सुमारे ९९ अंश होती. लोणार सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने १५ अंश नतीचा उपग्रह त्याच्या माथ्यावरून कधीच जाणार नाही.

सारांश, पहिली नती भूमीचा पूर्वेतिहास सांगते, दुसरी तिच्या निरीक्षणाची मर्यादा ठरविते. म्हणून कोन कोणत्या पातळीपासून मोजला, हे नमूद करणे अगत्याचे आहे.