थेरी धम्मदिन्ना आणि तत्त्वज्ञांची गणना

मनोरीच्या खाडीपलीकडे बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. तेथील ब्राह्मी शिलालेखांत लेणी व पाण्याच्या पोढी दान करणाऱ्या भिक्खुणींचा उल्लेख आढळतो. दान देणारी म्हणून स्त्रीचे नाव दगडावर टिकले. विचार करणारी म्हणून तिची नोंद घेण्यास मात्र अभ्यासक कचरतात. बौद्ध तत्त्वज्ञ म्हणून नागार्जुन, वसुबंधू, दिङ्नाग, धर्मकीर्ती ही नावे सांगितली जातात. थेरींच्या वाट्याला फार तर ‘कवयित्री’ ही पदवी येते.

थेरींनी शास्त्रग्रंथ रचले नाहीत, असे यावर उत्तर मिळते. ही कसोटी खरी मानली, तर एकही ग्रंथ न लिहिणाऱ्या सॉक्रेटिसालाही वगळावे लागेल. पुरुषाला संवाद पुरेसा आणि स्त्रीला मात्र ग्रंथ हवा, हा कोणता न्याय?

संवादच पाहावयाचा तर मज्झिमनिकायातील ४४ वे चूळवेदल्लसुत्त आहे. त्यात उपासक विशाख प्रश्न विचारतो आणि धम्मदिन्ना थेरी उत्तरे देते. अट्ठकथेप्रमाणे हा तिचा पूर्वाश्रमीचा पती. उपादान आणि पाच उपादानस्कंध एकच की भिन्न, असे तो विचारतो. ती सांगते, ते एकच नव्हेत आणि उपादान स्कंधांहून वेगळेही नव्हे. स्कंधांविषयीचा छंदराग तेच उपादान. पुढे वेदनांचे विवेचन येते. सुखद वेदनेखाली राग, दुःखदेखाली प्रतिघ आणि उरलेल्या तिसरीखाली अविद्या अनुशयरूपाने दडलेली असते. परंतु प्रत्येक सुखद वेदनेत रागानुशय असतोच असे नाही, हेही ती स्पष्ट करते. ही केवळ भक्तिभावाची भाषा नव्हे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. अखेरीस विशाख निब्बाणाचाही प्रतिभाग विचारू लागतो, तेव्हा प्रश्नाची मर्यादा ओलांडल्याचे ती त्याला बजावते. भगवंतांनी हा संवाद ऐकून तिला पंडिता व महाप्रज्ञावती म्हटले आणि आपणही हेच उत्तर दिले असते, असे सांगितले.

परंपरेप्रमाणे पहिल्या संगीतीस ५०० अर्हत जमले. त्यांत भिक्खुणी एकही नव्हती. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५१ साली ‘महाबोधी’ मासिकातील लेखात महापरिनिब्बानसुत्तातील स्त्रीविषयक आनंदसंवाद हा मागाहून भिक्खूंनी घुसडलेला भाग होय, असे साधार प्रतिपादन केले. ज्या हातांनी अशी भर घातली, त्याच हातांतून धम्मदिन्नेचे सुत्त सुखरूप आले, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. ते गाळणे त्यांना शक्य झाले नसावे.

खेमा थेरीचेही तसेच. मरणोत्तर तथागत असतो काय, असे राजा पसेनदीने तिला विचारले. गंगेची वाळू मोजणारा किंवा समुद्राचे पाणी मापणारा कोणी गणक तुझ्यापाशी आहे काय, असा प्रतिप्रश्न तिने केला. समुद्र जसा अथांग, तसा रूपादी स्कंधांच्या मापातून सुटलेला तथागत. राजा वंदन करून गेला. पुढे त्याने भगवंतांनाही तोच प्रश्न विचारला, आणि शब्दाला शब्द जुळणारे तेच उत्तर मिळालेले पाहून तो चकित झाला.