ऊन, अन्न आणि श्रम

म्हातारपणी कंबर वाकते, उंची दोन बोटे कमी होते आणि न्हाणीघरात जरासा पाय घसरला की मांडीचे हाड मोडते, या गोष्टी आपल्या घराघरांत इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की, त्यांना काही कारण असेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. ‘वय झाले’ एवढ्या दोन शब्दांत आपण आजीच्या वाकलेल्या पाठीचा निकाल लावून मोकळे होतो. परंतु त्याच घरातल्या आजोबांची पाठ पुष्कळदा त्या मानाने ताठ असते. वय तर दोघांचेही झालेले असते. मग हा भेद निसर्गाने केलेला आहे, की आपण, माणसांनी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा जो प्रयत्न गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत झाला, त्याचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रारंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हाड म्हटले की काही तरी कोरडे, निर्जीव असे आपल्या डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात हाड हे जिवंत आहे. जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे हाड घालणाऱ्या पेशी यांचे काम शरीरात जन्मभर चालू असते. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठविलेले असते आणि रक्तात त्याचा तुटवडा पडला की शरीर या कोठारात हात घालते. गर्भाची हाडे आणि तान्ह्या मुलाचे दूध यांसाठीही, अन्न पुरे पडले नाही तर, आईच्याच कोठारातून उचल होते. म्हणून स्त्रीच्या हाडांचा प्रश्न हा तिच्या एकटीचा कधीच नसतो.

या कोठाराला कुलूप कोणते आणि किल्ली कोणती, याचा पहिला सुगावा लागला तो मुलांच्या मुडदूस रोगावरून. इंग्लंडमधील धुराने कोंदलेल्या गिरणगावांत पाय वाकलेली मुले गल्लोगल्ली दिसत. थिओबाल्ड पाम या मिशनरी डॉक्टरांनी जपानात काही वर्षे काढली, तेव्हा तेथे हा रोग त्यांना दिसेना. त्यांनी निरनिराळ्या देशांतील परिचित डॉक्टरांकडून माहिती मागविली आणि १८९० साली असा निष्कर्ष मांडला की, जेथे ऊन मुबलक तेथे मुडदूस नाही. त्या काळी या निष्कर्षाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पण ऊन मुबलक असलेल्या आपल्या देशातही मुडदूस होता, आणि तो नेमका कोणाच्या घरी होता, हे नाशिक येथे केलेल्या एका पाहणीत दिसून आले. हचिसन आणि शहा यांनी ही पाहणी १९२२ साली प्रसिद्ध केली. शेतावर राबणाऱ्या गरीब आयांची मुले निकृष्ट अन्नावर वाढत होती. पण दिवसभर उघड्यावर असल्याने त्यांच्यात मुडदूस जवळजवळ नव्हता. उलट, ज्या सुस्थितीतील घरांत पडदा पाळला जाई, मग ती हिंदूंची असोत वा मुसलमानांची, तेथे खाण्यापिण्याची ददात नसूनही हा रोग होता. आई माजघराबाहेर पडत नव्हती आणि तिच्याबरोबर तिचे मूलही अंधारात वाढत होते. दाराबाहेर लख्ख ऊन पडलेले असताना घरात सूर्यप्रकाशाचा दुष्काळ असावा, याहून विपरीत गोष्ट कोणती?

नाशिकला जे मुलांत दिसले, तेच उत्तरेत मोठ्या स्त्रियांत अधिक भीषण रूपाने आढळले. डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी श्रीनगर येथे अनेक प्रसूती केल्या होत्या. पडद्यातील स्त्रियांची हाडे मऊ पडून कटिभाग आवळला जाई आणि बाळंतपण जिवावर बेते. झेलमवरील नावाड्यांच्या व शेतकऱ्यांच्या बायका मात्र सुखरूप मोकळ्या होत. १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात या बाईंनी पडद्यालाच दोषी ठरविले. त्यानंतर लगेच, १९२९ ते १९३१ या काळात, डॉ. डॅग्मार विल्सन यांनी कांग्रा खोऱ्यातील अस्थिमृदुतेचा अभ्यास करून आहारातील उणिवांकडेही लक्ष वेधले. ऊन की अन्न, असा हा वाद होता.

या वादाचा उलगडा त्याच सुमारास युरोपात होत होता. १९१९ साली बर्लिनचे हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस बरा करून दाखविला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा गुण दाखविला. पहिल्या महायुद्धानंतरच्या उपाशी व्हिएन्ना शहरात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी हे दोन्ही उपाय तेथील मुलांवर पारखून पाहिले, आणि दोन्ही खरे ठरले. १९२२ साली मॅकॉलम यांनी तेलातील त्या द्रव्याला ‘ड जीवनसत्त्व’ हे नाव दिले. तेच द्रव्य ऊन अंगावर पडले की आपल्या त्वचेत तयार होते. ऊन आणि अन्न या एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या निघाल्या.

येथवर हाडाच्या सामग्रीचा विचार झाला. पण नुसता चुना-विटांचा ढीग म्हणजे भिंत नव्हे. ज्यूलिअस वोल्फ या बर्लिनच्या शस्त्रवैद्यांनी १८९२ सालीच असा सिद्धांत मांडला होता की, हाडावर जसा भार पडेल तशी त्याची घडण होत जाते. त्याची साक्ष पुढे अनेक वाटांनी मिळाली. अंतराळात भार नाहीसा होतो, तेव्हा दीर्घ मुक्कामात अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड दरमहा सुमारे एक ते दीड टक्क्याने झिजते. याउलट टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या फिनलंडच्या स्त्रियांचे दोन्ही हात १९९५ साली मोजून पाहिले, तेव्हा खेळाच्या हातातील हाड अधिक भरीव आढळले. आणि ज्यांनी ऋतुप्राप्तीपूर्वी वा त्या सुमारास खेळावयास सुरुवात केली होती, त्यांच्यात हा फरक पुष्कळ उशिरा खेळू लागलेल्यांच्या दुप्पट ते चौपट होता. मुलीच्या वाढीचा वेग सर्वांत अधिक असतो त्या अवघ्या दोन वर्षांत तिच्या प्रौढपणीच्या हाडांचा सुमारे चतुर्थांश भाग साठतो. आणि नेमक्या त्याच वयात ‘आता तू मोठी झालीस’ असे सांगून आपण मुलींच्या उड्या बंद करीत आलो! श्रावणात मंगळागौरीच्या रात्री नववधूला फुगडी आणि झिम्मा खेळावयास मिळे. एरवी तिचे पाऊल जमिनीवर हलकेच पडावे अशीच अपेक्षा असे.

ही समजूत केवळ आपल्याकडची होती असे नव्हे. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. जर्मनीच्या लीना राड्के यांनी ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकली. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पुरी केली. परंतु स्त्रिया धावता धावता कोसळल्या, अशा अतिरंजित बातम्या वर्तमानपत्रांतून आल्या आणि स्त्रीच्या नाजूक शरीराला हे झेपणार नाही, असे ठरवून ती शर्यत काढून टाकण्यात आली. १९५२ साली मुंबईच्या मेरी डिसोझा आणि बंगालच्या नीलिमा घोष या भारतीय धावपटू हेलसिंकीला उतरल्या, तेव्हाही ती बंदच होती. १९६० साली रोममध्ये ती पुन्हा सुरू झाली.

दरम्यान आजीच्या वाकलेल्या पाठीचे कोडे अमेरिकेत बॉस्टनचे डॉ. फुलर ऑलब्राइट सोडवीत होते. अस्थिविरलता, म्हणजे हाडे आतून विरळ व ठिसूळ होणे, हा त्यांच्याकडे येणाऱ्या स्त्रियांत बहुधा मासिक पाळी थांबल्यानंतरचा विकार होता. आणि शस्त्रक्रियेने अंडाशय काढलेल्या तरुण स्त्रियांनाही तो होत असे. तेव्हा दोष वयाचा नसून अंडाशयातून रक्तात मिसळणाऱ्या संप्रेरकाचा, इस्ट्रोजेनचा, अभाव हे त्याचे कारण आहे, असे त्यांनी १९४१ साली मांडले. हाड पोखरणाऱ्या पेशींवर हे संप्रेरक जणू लगाम ठेवते. रजोनिवृत्तीनंतर तो लगाम एकाएकी सुटतो. पुरुषाच्या बाबतीत असे एकाएकी घडत नाही. म्हणून आजोबांची पाठ त्या मानाने ताठ राहते.

कारण कळल्यावर उपायही सोपा वाटला : संपलेले संप्रेरक गोळीने द्यावे. पुढील काही दशके लाखो स्त्रियांनी या गोळ्या घेतल्या. अखेर अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर त्याची पद्धतशीर परीक्षा झाली. ती २००२ साली मध्येच थांबवावी लागली. मिश्र संप्रेरकांनी खुब्याची मोडतोड कमी झाली होती हे खरे. पण स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढले होते. आज डॉक्टर स्त्रीचे वय आणि प्रकृती पाहून या उपायाचा विचार करतात; सरसकट सर्वांना तो देत नाहीत.

ऊन, अन्न, भार आणि संप्रेरक असे चार धागे आता हाती आले होते. ते एकमेकांत कसे गुंतले आहेत, हे मात्र अनपेक्षित ठिकाणी उघड झाले. १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये ऑलिंपिकच्या इतिहासात प्रथमच स्त्रिया मॅरेथॉन धावल्या. व्यायामाने हाडे बळकट होतात, तर या धावपटूंची हाडे सर्वांत बळकट असावयास हवीत. पण त्याच वर्षी बार्बरा ड्रिंकवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी बंद पडलेल्या १४ आणि पाळी नियमित असलेल्या १४ क्रीडापटू स्त्रियांची हाडे तपासून पाहिली. पाळी बंद पडलेल्यांचे सरासरी वय २५ होते. त्यांच्या मणक्यांची घनता मात्र ५१ वर्षांच्या बाईइतकी होती!

तर मग स्त्रियांना धावू देऊ नये असे म्हणणारे बरोबर होते काय? या शंकेचे उत्तर अ‍ॅन लाउक्स यांच्या प्रयोगांनी दिले. त्यांनी काही तरुणींना व्यायाम करावयास लावून त्या प्रमाणात अन्नही वाढवून दिले, तेव्हा त्यांच्या संप्रेरकांत काहीच बिघाड झाला नाही. अन्न कमी केले तेव्हाच तो झाला. व्यायामाचा खर्च वजा जाता, चरबी सोडून शरीराच्या दर किलोमागे सुमारे ४५ उष्मांक हाती राहिले तर शरीराचा व्यवहार सुरळीत चालतो. ३० च्या खाली गेले तर अवघ्या पाच दिवसांत मेंदूकडून अंडाशयाकडे जाणारे इशारे मंदावतात, असे २००३ साली दिसून आले. दुष्काळी वर्षात शहाणा कुटुंबप्रमुख चूल पेटती ठेवतो, पण लग्नकार्य आणि घराची डागडुजी पुढे ढकलतो. शरीरही तेच करते. पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटते आणि हाडांची डागडुजी राहून जाते. दोष धावण्याचा नव्हता. अर्धपोटी धावण्याचा होता.

हा निष्कर्ष केवळ पदके मिळविणाऱ्या मुलींपुरता नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अल्प उत्पन्न गटातील ३० ते ६० वयाच्या स्त्रियांची पाहणी केली आणि ती २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या हाडांची घनता संपन्न देशांतील स्त्रियांहून पुष्कळच कमी आढळली. आपल्याकडच्या कष्टकरी बायका पाणी वाहतात, मोळ्या उचलतात, वाकून खुरपतात. त्यांना ऊन कमी नाही, श्रम कमी नाहीत. नाशिकच्या शेतातल्या आईला उन्हाने मुडदुसापासून वाचविले, हे खरे; पण ऊन जेवण घालू शकत नाही. पडद्यातील गृहिणी, उपाशीपोटी धावणारी खेळाडू आणि भाकरीचा शेवटचा तुकडा स्वतःसाठी ठेवणारी मजूर बाई या तिघींची दुःखे दिसावयास निराळी. पण त्यांच्या हाडांतून एकच तक्रार ऐकू येते : काही ना काही आम्हाला नाकारण्यात आले.

या इतिहासातून घेण्यासारखे जे आहे, ते फार अवघड नाही. मुलींना वाढत्या वयात उड्या मारू द्याव्यात, धावू द्यावे, आणि जितके खेळवावे तितके खाऊ घालावे. प्रौढ स्त्रीला दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०२० चे मार्गदर्शन आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गाईच्या दुधात त्याच मापाने सुमारे १२० मिलिग्रॅम. कोकणातली आंबील आणि घाटावरचे ताक हे गरिबाचे अन्न म्हणून हिणवण्याचे कारण नाही. खेळणाऱ्या मुलीची पाळी महिनोन्‌महिने थांबली, तर ‘मेहनतीने होते असे’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. आणि उतारवयातही हाड अगदीच हट्टी नसते. ऑस्ट्रेलियात ५८ वर्षांवरील १०१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. त्यांतील ज्यांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जाणकारांच्या देखरेखीखाली जड वजने उचलली, त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. आपल्या मनाने जड वजनाशी झोंबू नये हे खरे. पण वय झाले म्हणून खाटेवर पडून राहणे, हेही औषध नव्हे.

प्रारंभीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. रजोनिवृत्ती निसर्गाची आहे. ती टळणार नाही. पण तिच्या उंबरठ्यावर स्त्री भरल्या कोठाराने पोचते की रिकाम्या, हे पूर्वीच्या चाळीस-पन्नास वर्षांत ठरलेले असते. आणि त्या वर्षांत तिला ऊन किती मिळाले, खेळ किती मिळाला आणि ताटात काय पडले, हे निसर्गाने ठरविलेले नसते. आज रात्री घरातली पाने वाढली जातील, तेव्हा शेवटचे पान कोणाचे आहे आणि त्या पानात काय उरले आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.