मुक्काम पोस्ट गुम्मिडिपूंडी

चेन्नई सेंट्रलला लागून असलेल्या मूर मार्केटच्या फलाटावरून सुटणारी गुम्मिडिपूंडी लोकल मी अकरा वर्षं दर गुरुवारी पकडत होते. उत्तरेला पन्नासेक किलोमीटर. एन्नोरच्या चिमण्या मागे पडल्या की मिठागरं, मग भातखाचरं, आणि आंध्रची हद्द लागण्याआधी हे गाव. इथे सिप्कॉट औद्योगिक वसाहतीतले कारखाने आहेत, आणि श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांची मोठी छावणी. छावणीला तमिळमध्ये ‘मुगाम’ म्हणतात. आपलाच मुक्काम तो. आपल्याकडे मुक्काम रात्रीचा असतो, फार तर लग्नघरी चार दिवसांचा. इथला पस्तीस वर्षांचा आहे.

मी मुलांना इंग्रजी शिकवायला जायची. बसायची सोय अक्काच्या ओट्यावर. तिचं नाव इथे लिहीत नाही, सगळी छावणी तिला अक्काच म्हणते.

अक्का मन्नारची. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली गेली, तेव्हापासून लोक होड्यांनी रामेश्वरमकडे येत होते. १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर बरेच जण परतलेही. जून १९९० मध्ये युद्ध पुन्हा पेटलं. अक्काच्या नवऱ्याला एका सकाळी कुणी हाक मारून बाहेर नेलं, तो आलाच नाही. दोन महिन्यांनी ती तान्ह्या मुलाला घेऊन रात्रीच्या होडीत बसली. तलैमन्नार ते धनुष्कोडी, मधे वाळूची बेटं. नावाड्याने सगळ्यांना एका बेटावर उतरवलं आणि तो परत फिरला. उजाडल्यावर कोळ्यांनी त्यांना किनाऱ्यावर आणलं. होडीत पोर रडलं तर गस्तीच्या बोटीला ऐकू जाईल, म्हणून तिने त्याच्या तोंडावर हात दाबून धरला होता. पोर वाचलं. पण छावणीत कुठेही झोपलेल्या बाळाच्या चेहऱ्यावर पदर किंवा चादर दिसली की अक्का जाऊन ती बाजूला करते. कारण मला सात वर्षांनी कळलं.

किनाऱ्यावरून सगळ्यांना आधी मंडपमच्या छावणीत नेत. ती जागा मला कधी विसरता येत नाही. इंग्रजांच्या काळात सिलोनच्या मळ्यांवर निघालेल्या तमिळ मजुरांना तिथेच रोगराईच्या तपासणीसाठी अडकवून ठेवत. १९१४ पासून धनुष्कोडीहून पलीकडे आगबोट होती. १९४८ मध्ये सिलोनने त्या मळेमजुरांना नागरिकत्व नाकारलं. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ करारात सव्वापाच लाख माणसं भारताच्या वाट्याला आली. कुणाला काही विचारलं नव्हतं. अक्काची आजी चहाच्या मळ्यातली. म्हणजे एकाच घरातली माणसं मंडपमला दोनदा नोंदवली गेली, एकदा जाताना, एकदा येताना.

गुम्मिडिपूंडीत तिला दहा बाय दहाची खोली मिळाली, महिन्याची मदत आणि ५७ पैसे किलोचा तांदूळ. मग मे १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदुरला राजीव गांधींची हत्या झाली, आणि छावणीतल्या प्रत्येक माणसाकडे लोक संशयाने बघू लागले. मुलांचे शाळा-कॉलेजांतले प्रवेश काही काळ थांबले. ठरलेल्या दिवशी हजेरी. त्या दिवशी जो खोलीत नाही, त्याची मदत अडकायची. या हजेरीला सगळे ‘चेकिंग’ म्हणतात. पुरुष रंगकामाला लांब जात आणि चेकिंगसाठी रात्रीच्या गाडीने धावत येत.

तमिळनाडूत बोलण्याला ‘पेसु’ म्हणतात. लंकेची तमिळ माणसं ‘कदै’ म्हणतात, आपली कथाच ती. छावणीत आल्यावर अक्का चार वर्षं जवळपास काही बोललीच नव्हती, असं शेजारणी सांगतात. एस. सी. चंद्रहासन यांनी १९८४ मध्ये निर्वासितांसाठी ओफर ही संस्था उभी केली, स्वतः निर्वासित असताना. छावणीतल्याच बायकांना त्यांनी आरोग्याचं आणि समुपदेशनाचं काम शिकवलं. अक्का त्यात गेली ती तांदूळ निवडता निवडता. पहिले काही महिने फक्त ऐकायची. पुढे एक शेजारीण नवऱ्याचा मार खाऊन दाराशी आली, तेव्हा अक्काने तिला कोरा चहा दिला, सोबत गुळाचा खडा, आणि म्हणाली, ‘कदै.’ त्या रात्री दोघीही बोलल्या.

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली. अक्का इतर बायकांबरोबर नागपट्टिणमला गेली. मुलं गमावलेल्या कोळणींजवळ बसायला. तिथल्या एकीने विचारलं, तू कुठली? अक्का म्हणाली, ‘तुमच्या माणसांनी मला पाण्यातून काढलं होतं.’ परतली ती वेगळीच. मला तरी तसंच वाटतं. तेव्हापासून तिने कागदांचं काम हातात घेतलं: जन्मदाखले, श्रीलंकेच्या चेन्नईतल्या उपउच्चायुक्त कार्यालयातली नोंद, शाळेचे अर्ज. सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, खोलीच्या क्रमाने.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने छावण्यांसाठी ३१७ कोटींची योजना आणली आणि ‘निर्वासित छावणी’चं ‘मरुवाळ्वु मुगाम’ केलं, म्हणजे पुनर्वसनाची छावणी. नव्या घरांचा अक्काला आनंद आहे. पण नागरिकत्व फलकाबरोबर येत नाही, आणि नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत श्रीलंकेचं नाव नाही. १९८६ मध्ये मंडपमला जन्मलेली एक बाई उच्च न्यायालयात गेली. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले जन्माने नागरिक, हा कायदा. तिला पासपोर्ट मिळाला, २०२४ मध्ये तिने मत दिलं. ते कात्रण डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेलं आहे. अक्काच्या मुलाला त्याचा उपयोग नाही, तो मन्नारला जन्मला.

गेल्या खेपेला बारा वर्षांची एक मुलगी अर्ज भरायला आली होती. अक्काने विचारलं, ‘ऊर?’ गाव कुठलं? अक्काच्या वहीत या रकान्यात आजवर मन्नार, ववुनिया, त्रिंकोमली. मुलगी म्हणाली, ‘गुम्मिडिपूंडी.’

अक्काचं पेन थांबलं. मग तिने आधी ते लिहिलं, खाली बारीक अक्षरात आईचं गाव, आणि न बघता विचारलं, आईच्या कार्डाची झेरॉक्स आणलीस का.