पेव, देवगिरी आणि आकाशातला बॉम्ब

श्रोतेहो, परभणी जिल्ह्यातल्या जुन्या मंडळींना पेव म्हणजे काय ते सांगायला नको. गावच्या पांढरीत खोल खड्डा घ्यायचा, आतून कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने बुजवून टाकायचे. वरून गाडी गेली तरी आतल्या दाण्याला धक्का नाही. मात्र पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची, दिवा सोडून पाहायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. पेवाचे मर्म त्याच्या तोंडाशी आणि हवेशी असते.

आज आपल्यापुढे प्रश्न आहे तो असा : जमिनीच्या पोटात बांधलेले लष्करी ठाणे विमानातून पडणाऱ्या बॉम्बपुढे टिकते काय? प्रश्न नवा वाटतो, पण त्याचे अर्धे उत्तर आपल्या मराठवाड्यातच उभे आहे.

परभणीहून मनमाडच्या गाडीत बसा. दौलताबाद स्टेशन आले की देवगिरीचा डोंगर दिसतो. त्याचे कडे माणसाने छिन्नीने तासून सरळ भिंतीसारखे केले आहेत. पायथ्याशी खडकातच खंदक खोदला आहे. वर जायची वाट एका काळोख्या भुयारातून. या वाटेला ‘अंधारी’ म्हणतात. तिच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून विस्तव पेटवायचा आणि धुराने शत्रूला गुदमरवायचे, अशी योजना होती असे सांगतात. पाहा, पेवाचेच मर्म इथे हत्यार झाले!

असा हा किल्ला सन १६३३ मध्ये पडला. मोगलांचा सरदार महाबतखान वेढा घालून बसला होता आणि आत मलिक अंबरचा मुलगा फतेहखान होता. मोगलांनी सुरुंग लावून खालचे कोट फोडले. वरचा तासलेला खडक मात्र त्यांना फोडता आला नाही, आणि फोडायची गरजही पडली नाही. दुष्काळाची वर्षे नुकतीच सरली होती. आत धान्य नव्हते. विजापूरच्या फौजेने रसद पोचवण्याची खटपट केली, त्या फौजेत शहाजीराजेही होते. पण मोगलांनी वाटा अडवल्या. जून महिन्यात फतेहखानाने किल्ला दिला. खडक शाबूत राहिला, पोट हरले.

आता विमानांच्या काळात येऊ. दुसऱ्या महायुद्धात बार्न्स वॉलिस या इंग्रज अभियंत्याने जमिनीत घुसून मग फुटणारे बॉम्ब तयार केले. जून १९४४ मध्ये फ्रान्समधल्या सोम्यूर गावाजवळच्या रेल्वे बोगद्यावर असे सुमारे साडेपाच टनांचे बॉम्ब टाकले गेले. एक बॉम्ब डोंगर भेदून गेला आणि बोगदा बुजला. मार्च १९४५ मध्ये जर्मनीत ब्रेमेनजवळ पाणबुड्या बांधण्याच्या प्रचंड काँक्रीट कारखान्यावर सुमारे दहा टनांचे बॉम्ब पडले. छत साडेचार मीटर जाड, तरी दोन ठिकाणी भोके पडली. तो कारखाना हजारो वेठबिगारांच्या हाडांवर उभा राहत होता आणि शेवटी पुरा झालाच नाही.

यावरून धडा घेऊन लोक आणखी खोल गेले. इराणमध्ये कोम शहराजवळ फोर्दो येथे डोंगराखाली युरेनियम समृद्ध करण्याचा कारखाना झाला. तो ८० ते ९० मीटर खोल असावा असा अंदाज केला जातो. २२ जून २०२५ रोजी अमेरिकेने त्यावर सुमारे साडेतेरा टनांचे बारा बॉम्ब टाकले. त्यांच्या सेनाधिकाऱ्यांनी नंतर सांगितले की नेम धरला होता हवा खेळवण्याच्या दोन झरोक्यांवर. आत किती हानी झाली याविषयी दोन्हीकडून निरनिराळे दावे झाले. पण नेम कुठे धरला ते ध्यानात घ्या : पेवाच्या तोंडावर!

तेव्हा उत्तर असे : पुरेसा खोल आणि घट्ट खडक असेल तर तो पुष्कळ काही सोसतो. पण ठाणे म्हणजे नुसता खडक नव्हे. त्याला दार लागते, हवा लागते, वीज, पाणी, धान्य लागते. यांतले प्रत्येक जमिनीवरून आत जाते, आणि जिथून ते जाते तिथे ठाणे कच्चे असते. आतले लोक कोंडले गेले की छत शाबूत असूनही ठाणे निकामी होते.

एक गोष्ट मात्र जड मनाने सांगायला हवी. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादमधल्या अमिरिया येथील आसऱ्यावर दोन बॉम्ब पडले. पहिल्याने छत फोडले, दुसरा आत जाऊन फुटला. टाकणाऱ्यांनी ते लष्करी ठाणे मानले होते. आत चारशेहून अधिक साधी माणसे मेली, त्यांत बायका-मुले फार. जाड छताखाली निजलो म्हणजे वाचलो, असा त्यांचा भरवसा होता.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना देवगिरीला न्याल तेव्हा अंधारीत घटकाभर थांबा. तट किती उंच, हे मुले आपणहून विचारतीलच. तुम्ही त्यांना एवढेच विचारा : इथे हवा कुठून येत होती, पाणी कुठून, आणि वेढ्यात धान्य संपल्यावर पहिल्यांदा उपाशी कोण राहिले असेल?