यीस्टमधील विषाणू

बिअर, वाइन व पाव यांसाठी वापरल्या जाणाऱ्या सॅकरोमायसीज सेरेव्हिसी या यीस्टच्या अनेक वाणांत कायम वस्तीला असणारे आरएनए विषाणू. ते पेशी फोडून बाहेर पडत नाहीत. पेशी विभागली की नव्या पेशीत, दोन पेशींचा संयोग झाला की संततीत, एवढाच त्यांचा प्रवास. पेशीला फारसा जाच नसल्याने आंबवणाऱ्यांच्या ते शतकानुशतके गावीही नव्हते.

मुख्य विषाणू एल-ए. त्याच्या सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाच्या कवचात दुहेरी धाग्याच्या आरएनएचा सुमारे ४,६०० क्षारक-जोड्यांचा रेणू असतो. काही वाणांत एम हा छोटा आरएनएही आढळतो. कवच आणि प्रती काढणारे एंझाइम तो एल-एकडून उसने घेतो. स्वतःजवळ बाळगतो ती फक्त विषाची कृती. हे विष पेशीबाहेर पडून शेजारचे संवेदनशील यीस्ट मारते. सोडणाऱ्या पेशीला त्याच विषाच्या पूर्वरूपामुळे संरक्षण मिळते. मात्र एम गमावलेली पेशी बहिणींच्याच विषाला बळी पडू शकते, तेव्हा यीस्टने विषाणू पाळला की विषाणूने यीस्टला ओलीस धरले, ही शंका रास्त आहे.

अशी मारक यीस्ट बेव्हन व मॅकोवर यांनी १९६३ मध्ये प्रथम नोंदवली. त्यांच्या विषांचे काही प्रकार आहेत: के१ विष पेशीपटलाला छिद्रे पाडते; के२८ केंद्रकापर्यंत पोहोचून डीएनएची निर्मिती थांबवते. ओळखण्याची रीत सोपी आहे. मिथिलीन ब्ल्यू घातलेल्या, किंचित आम्ल आगारावर संवेदनशील यीस्टचा थर देऊन वर तपासायच्या यीस्टचा ठिपका ठेवतात. एकदोन दिवसांत ठिपक्याभोवती रिकामे वलय पडते आणि त्याच्या कडेला मेलेल्या पेशींची निळी किनार उमटते.

बिअरच्या टाकीत बाहेरून शिरलेले मारक यीस्ट कारखान्याचे स्वतःचे यीस्ट संपवू शकते. मग किण्वन रेंगाळते, चव बिघडते. वाइनमध्ये उलट हिशेब. द्राक्षरसाच्या आम्लतेतही के२ हा विषाचा प्रकार टिकतो, म्हणून रानटी सॅकरोमायसीजला आवर घालण्यासाठी मारक वाण विकत मिळतात. इतर प्रजातींच्या यीस्टवर व जिवाणूंवर ही विषे सहसा चालत नाहीत, त्यामुळे टाक्या धुण्याला हा पर्याय नव्हे.

संशोधनाला मात्र या विषाणूंनी भरभरून दिले. आरएनए हस्तक्षेप ही विषाणूरोधी यंत्रणा या यीस्टमध्ये नाही. २०११ मध्ये नात्यातल्या यीस्टची जनुके घालून ती परत दिली, तेव्हा मारक विषाणू नाहीसा झाला. विष तयार न करू शकणाऱ्या वाणांचा १९७० च्या दशकात लायबोविट्झ व विकनर यांनी अमेरिकेत अभ्यास केला. त्या धाग्यावरून पुढे केक्स-२ हे प्रथिने छेदणारे एंझाइम हाती लागले. मानवी पेशींतील फ्युरिन त्याच कुळातले. कोविड-१९च्या विषाणूचे काटेरी प्रथिन तेच छेदते.