विंडोज १० चा सपोर्ट संपला : जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकावं का? जाणून घ्या

ठाणे : विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कॉम्प्युटर सुरूच राहतो, पण नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. मग कल्याण-डोंबिवलीहून मुलांसाठी सेकंडहँड कॉम्प्युटर आणलेल्या शहापूर, मुरबाडच्या पालकांनी करायचं काय? एक मोफत पर्याय आहे, लिनक्स.

लिनक्स म्हणजे काय?
ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिचा गाभा फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिला. तुमच्या अँड्रॉइड मोबाईलमध्येही हाच गाभा आहे. उबुंटू आणि लिनक्स मिंट हे त्याचे प्रसिद्ध प्रकार. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ लिनक्स तयार केलं आहे.

कोणती कामं होतात?
सातबारा पाहणं, ऑनलाइन फॉर्म, ईमेल, यूट्यूब ही कामं क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये होतात. अर्ज, पत्रं, हिशेब लिब्रेऑफिसमध्ये होतो. युनिकोड मराठी टायपिंगची सोयही आहे.

कुठे अडतं?
टॅली, श्रीलिपी, फोटोशॉप हे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर सरळ चालत नाहीत. एमएस ऑफिसही बसत नाही. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर यांचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे आधी कंपनीकडे विचारा.

टाकण्याआधी काय कराल?
१) फोटो, कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. इन्स्टॉल करताना डिस्क पुसली तर सगळं जातं.
२) ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन त्यावरूनच सुरू करून बघा. विंडोजला धक्का लागत नाही.
३) वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. मिंटला ४ जीबी रॅम असलेली बरी.
४) शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठी व्हिडिओ मोफत आहेत.

थोडक्यात, घरच्या वापराला आणि मुलांच्या अभ्यासाला लिनक्स चांगलं चालतं. टॅलीवर चालणारं दुकान किंवा सेवा केंद्र असेल, तर विंडोज सोडण्याची घाई नको.